तीन पिढ्यांचा एक आवाज

गंगूबाई हनगल यांना ज्यांनी केवळ उतारवयात ऐकलं, त्यांनी 'गांधारी हनगल' या नावाने निघालेली एखादी जुनी तबकडी मिळवून ऐकावी. ही तीच बाई, हे पटायला वेळ लागतो. तबकडीवरचा आवाज बारीक आहे, वरच्या पट्टीतला आहे, चपळ आहे. तीन-सव्वातीन मिनिटांत चीज, ताना, समेवरची झेप असं सगळं आटोपून तो मोकळा होतो. १९३०च्या दशकात हिज मास्टर्स व्हॉइसने ही मुद्रणं केली, त्यांत मराठी पदंही आहेत. त्यानंतर लगेच १९७०-८०च्या काळातला त्यांचा मारवा किंवा पूरिया लावावा. रेडिओ सुरू करून स्वयंपाकघरात गेलेल्या माणसाला बाहेर कुणी बुवा गातायत असंच वाटेल. खर्जात पाय रोवलेला, रुंद, कडांना किंचित खरखरीत आणि कसलीही घाई नसलेला आवाज.

या दोन आवाजांच्या मध्ये घशाची एक शस्त्रक्रिया आहे, एवढं बहुतेक रसिकांना ठाऊक असतं. गंगूबाईंवरचे लेखही साधारण याच वाटेने जातात: मर्दानी आवाज, जातीपायी सोसलेला अपमान, मग पद्म किताब. हे सगळं खरं आहे आणि पुनःपुन्हा सांगायला हवं. पण ५ मार्च १९१३ ते २१ जुलै २००९ असं शहाण्णव वर्षांचं हे आयुष्य जवळून पाहू लागलं, की बाईंच्या एका बाजूला त्यांची आई दिसू लागते आणि दुसऱ्या बाजूला मुलगी. आईने मुलीसाठी आपलं गाणं थांबवलं. मुलीने आपलं गाणं आयुष्यभर आईच्या गाण्यामागे ठेवलं. आपण ऐकलं ते मधल्या बाईंना. माझ्या मते ही गोष्ट तिघींची आहे, आणि ती तशी फारशी सांगितली गेलेली नाही.

सुरुवात धारवाडच्या शुक्रवार पेठेतली. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई प्रांतात होता. मराठी नाटक कंपन्यांच्या दौऱ्यात हुबळी-धारवाडचा मुक्काम ठरलेला असे, त्यामुळे कानडी बोलणाऱ्या घरांतही नाट्यपदं गुणगुणली जात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबाराकडे जाता-येता या मुलखात थांबत. मिरजेच्या या खाँसाहेबांचं गाणं धारवाडला पोचलं ते असं, रेल्वेच्या वाटेने.

या पेठेत अंबाबाई राहत होत्या. कर्नाटक संगीतातल्या तयारीच्या गायिका. त्यांच्या आई कमलाबाईही गाणाऱ्या. गाणं-बजावणं हाच कुळाचार असलेल्या आणि म्हणून समाजाने कडेला ठेवलेल्या स्त्रियांचं हे घर. वडील चिक्कूराव नाडगीर, पण मुलीला नाव लागलं ते आईकडच्या हनगल गावाचं. अंबाबाईंचं गाणं अब्दुल करीम खाँनी ऐकलेलं होतं, हिराबाई बडोदेकरांनीही ऐकलेलं होतं. घरातल्या लहानग्या गंगेला मात्र ओढ होती ती हिंदुस्थानी गाण्याची. रस्त्यावर ग्रामोफोन वाजू लागला की ती धावत बाहेर जायची, जोहराबाई आग्रेवालींची तबकडी कानात साठवून घरी परतायची. हिराबाई तर तिचं दैवतच.

शेजारच्या बागेतल्या आंब्यांची हकीकत गंगूबाई म्हातारपणी सांगत. पोरांनी कैऱ्या पाडल्या म्हणून बागेचा मालक चिडला नव्हता. गाणाऱ्या बाईची मुलगी आपल्या बागेत शिरली, याने तो हादरला होता. पुढे गंगूबाईंचं नाव झाल्यावर त्याच लोकांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. बाई ही आठवण कुठलाही ताशेरा न मारता सांगत असत. ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजे. १९२४च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा अकरा वर्षांच्या गंगेने स्वागतगीत गायलं. त्या दिवसाची त्यांच्या मनात राहिलेली आठवण गाण्याची कमी आणि भीतीची जास्त होती: आपली जात पाहून, वरच्या जातीची मंडळी जेवून उठल्यावर आपल्याला ती जागा साफ करायला सांगतील की काय. गांधीजींसमोर गाणाऱ्या पोरीच्या मनात ही धास्ती होती. अस्पृश्यतेविरुद्ध बोलणाऱ्या व्यासपीठावर उभं राहूनही ती गेली नव्हती.

मुलीचा कल ओळखून अंबाबाईंनी तिला हिंदुस्थानी संगीत शिकवायचं ठरवलं. एवढ्यावर न थांबता त्यांनी स्वतःचं कर्नाटक संगीत गाणं सोडून दिलं. कारण अगदी व्यवहारी होतं. कर्नाटक पद्धतीत स्वर गमकाने हलता असतो. त्याची वळणं, त्याचे झोके हीच त्याची ओळख. किराण्याची भिस्त स्थिर, लांबवलेल्या, एका जागी टिकवून धरलेल्या स्वरावर. घरात दिवसभर एक पद्धत कानावर पडणार आणि शिकायची दुसरी, तर पोरीचा गळा कुठल्याच घाटावर लागणार नाही, हे जाणत्या गायिकेला कुणी सांगायला नको होतं. तिने तिच्या हातात होता तो उपाय केला.

या निर्णयाचा उल्लेख चरित्रांतून एका ओळीत उरकलेला असतो. मला तो एका ओळीचा वाटत नाही. दुसऱ्या कुठल्या घरात आईने गाणं सोडणं म्हणजे एक हौस सोडणं. या घरात गाणं ही उपजीविका होती, कुळाची ओळख होती, खुद्द अब्दुल करीम खाँनी कान दिलेली कमाई होती. तालमीचे तास, पाठ केलेल्या कृती, आईकडून उतरलेल्या जागा, हे सगळं बाजूला ठेवून ही बाई मुलीच्या सारेगमकडे कान लावून बसली. अंबाबाईंचा आवाज कसा होता हे आज कुणालाही ऐकता येत नाही.

१९२८ साली हे कुटुंब मुलीच्या शिक्षणासाठी हुबळीला आलं. कृष्णाचार्य हुलगूर यांनी वर्षभरात साठेक चिजा शिकवल्या, मग पैशांवरून बिनसलं. दत्तोपंत देसाईंकडेही काही काळ शिक्षण झालं. १९२९मध्ये, सोळाव्या वर्षी, गंगूबाईंचा संसार सुरू झाला तो गुरुराव कौलगी या ब्राह्मण वकिलांबरोबर. शाळा त्याआधीच पाचवीत सुटली होती. १९३२मध्ये अंबाबाई गेल्या. मुलीने मुंबईत गायला सुरुवात केली होती, जद्दनबाईंसारख्या गायिकेने तिला ऐकून पाठ थोपटली होती, तबकड्याही निघू लागल्या होत्या. पण ज्या तालमीसाठी आईने एवढं केलं, ती खरी तालीम अजून पुढेच होती.

ती तालीम कुंदगोळला झाली. हुबळीहून बंगळूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, हुबळीच्या दक्षिणेला अवघ्या काही स्टेशनांवर हे गाव आहे. काळ्या जमिनीचा सपाट मुलूख. कापूस, ज्वारी आणि मिरचीचा. संस्थानी काळात कुंदगोळ जमखंडीच्या पटवर्धनांकडे होतं, म्हणजे इथल्या दप्तराला मराठीची सवय होती. गावातला नाडगीरांचा वाडा हे किराणा घराण्याचं एक ठाणंच. अब्दुल करीम खाँ इथे उतरत, आणि इथल्याच रामभाऊ कुंदगोळकरांना त्यांनी आपला शिष्य केलं. रामभाऊ पुढे मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवून 'सवाई गंधर्व' झाले, आणि नाटकाचे दिवस सरल्यावर गावी परतले. आजही या वाड्यात त्यांच्या पुण्यतिथीला रात्रभर गाणं चालतं. लाकडी खांबांमधून माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि शेतावरून थेट आलेला माणूस विलंबित ख्यालाला योग्य जागी मान डोलावतो. हा श्रोता एका पिढीत तयार झालेला नाही.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगूबाई हुबळीहून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या गाडीने कुंदगोळला येत, तालीम घेत आणि रात्रीच्या गाडीने परत जात. घरी लहान मुलं: कृष्णा, नारायण, बाबूराव. रस्त्याने जाताना 'गाणारीण चालली' अशी शेरेबाजी व्हायची. त्याच वेळी सवाई गंधर्वांकडे गदगचा एक पोरसवदा शिष्य गुरुगृही राहून पाणी भरत होता आणि शिकत होता, तो म्हणजे भीमसेन जोशी. तालीम संपली की हा पोरगा कंदील घेऊन गंगूबाईंना स्टेशनापर्यंत पोचवायला येई. बाईंनी त्याला धाकटा भाऊ मानलं, ते शेवटपर्यंत. पुढे अर्ध्या भारताने डोक्यावर घेतलेले हे दोन गळे तेव्हा कुंदगोळच्या अंधाऱ्या रस्त्याने कंदिलाच्या उजेडात चालत होते, वाटेत बहुधा गुरूंनी त्या दिवशी घोटून घेतलेल्या पलट्याबद्दल बोलत असतील. 'बहुधा' हा शब्द माझा. पण शिकणारी दोन माणसं दुसरं काय बोलणार?

सवाई गंधर्वांची शिकवण कडक होती. एकच पलटा, एकच स्वरसमूह ते दिवसचे दिवस गाऊन घेत. मोजक्या रागांचं शिक्षण, पण त्या रागांच्या तळापर्यंत. कंजूष माणूस पैसा जसा जपून खर्च करतो तसा स्वर खर्च करायचा, ही गुरूंची शिकवण गंगूबाई आयुष्यभर सांगत आल्या. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला गुरूंना अर्धांगवायू झाला आणि ही तालीम थांबली. म्हणजे सलग, रोजची अशी तालीम त्यांना जेमतेम तीन-चार वर्षं मिळाली. पुढची साठ वर्षं त्या शिदोरीवर गेली.

आणि मग तो आवाज गेला. १९४०च्या दशकाच्या मध्यावर टॉन्सिल्सच्या दुखण्यावर उपचार झाले, शस्त्रक्रिया झाली, आणि बाईंचा बारीक, वरचा आवाज परत आलाच नाही. जो आला तो जाड होता, खालचा होता. तिशीतल्या गायिकेवर यापेक्षा मोठा आघात कोणता असेल? त्यातून त्या किराण्याच्या. या घराण्यातल्या स्त्रियांचं गाणं म्हणजे हिराबाई, रोशनआरा, सरस्वती राणे. गोडवा, रेशमी पोत, तार षड्जावरची सुखद वस्ती. त्या मापाने पाहिलं तर गंगूबाईंचा नवा आवाज घराण्यातच बसत नव्हता.

त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ठुमरी, भावगीत, नाट्यपद असं सगळं हलकंफुलकं गाणं त्यांनी बाजूला ठेवलं आणि निव्वळ ख्याल गायचा असं ठरवलं. पट्टी खाली आणली. आणि जे राग या आवाजाला मानवतील त्यांच्यात खोल उतरत गेल्या: भैरव, आसावरी, तोडी, मारवा, पूरिया, शुद्ध कल्याण, चंद्रकंस.

पूरियाचं एक उदाहरण पुरेसं आहे. या रागात पंचम नाही. षड्ज आहे, पण त्याच्यावर लवकर टेकायचं नसतं; त्याला टाळत मंद्र निषाद, कोमल रिषभ, गांधार असं त्याच्याभोवती फिरायचं असतं. रागाचा जीव खालच्या अंगात. बारीक आवाजाची गायिका तिथे फार वेळ रेंगाळू शकत नाही, तळाशी आवाज विरून जातो. गंगूबाई मंद्र निषादावर जाऊन थांबतात आणि थांबूनच राहतात. तानपुऱ्याचा षड्ज मागे वाजत असतो आणि त्याच्या अगदी लगत, अर्ध्या पायरीवर, हा भरघोस निषाद उभा असतो. ते घर्षण कानाला जाणवतं, अंगावर येतं. एखादा स्वर पुढे, पुन्हा मागे. मग कोमल रिषभावरून त्या अखेर षड्जावर उतरतात, तेव्हा कितीतरी वेळ रोखलेला आपला श्वास सुटतो. हे सगळं तानबाजीशिवाय होतं. जुन्या आवाजात हा पूरिया झाला नसता, असं मी ठामपणे म्हणेन. गेलेल्या आवाजाचं दुःख करत बसावं तर हा मंद्र निषाद मिळाला नसता.

सगळं संसार ओढता ओढता चाललं होतं. गुरुरावांचा वकिलीत जम बसला नाही, धंद्यातही नाही. तीन मुलं, नातेवाईक, येणारं-जाणारं, सगळ्या घराचा भार गाण्याच्या बिदागीवर. मुंबई आकाशवाणी, १९५० साली सुरू झालेलं धारवाड केंद्र, कोलकात्यापासून सगळीकडची संगीत संमेलनं. गंगूबाई गाडी पकडून जात, गाऊन येत, आणि आल्या की स्वयंपाकघरात शिरत. मोठं नाव झाल्यावर मुंबईला, पुण्याला, दिल्लीला मुक्काम हलवण्याचा मोह कलावंतांना होतो आणि त्यात काही गैर नाही. बाई हुबळीतच राहिल्या. देशपांडेनगरातलं 'गंगालहरी' हे घर गावाला आपलं वाटे. १९६६मध्ये गुरुराव गेले. त्यानंतरही चार दशकं त्या घरात तानपुरा लागत होता.

आता कृष्णाबाई. गंगूबाईंची एकुलती एक मुलगी. आईकडेच शिकल्या आणि तयार गायिका झाल्या. स्वतंत्र मैफली करण्याइतकी त्यांची तयारी होती याबद्दल जाणकारांत दुमत नाही. पण त्यांची जागा ठरून गेली ती आईच्या मागे, तानपुऱ्यापाशी. दशकानुदशकं जिथे गंगूबाई तिथे कृष्णाबाई.

मैफलीत मागे बसून साथ करणाऱ्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. खरं तर त्याला दोन मनं लागतात. मुख्य गायकाचा श्वास कधी तुटेल हे अर्धा क्षण आधी कळावं लागतं, तो सोडेल त्याच स्वरावरून धागा उचलावा लागतो, आणि तो परत येताच बाजूला व्हावं लागतं; इतकं अलगद की श्रोत्याला सांधा दिसू नये. स्वतःला सुचलेली चांगली जागा पुष्कळदा गिळावी लागते. गंगूबाईंच्या उत्तरकाळच्या मुद्रणांत हे सगळं स्पष्ट ऐकू येतं. आईचा आवाज खालच्या अंगात ठाण मांडून असतो आणि आलाप तार सप्तकाकडे चढू लागला की दुसरा आवाज, तुलनेने गोल आणि मऊ, पुढे सरकतो. द्रुत लयीतल्या तानांचा भारही बराचसा मुलगी उचलते. आईचं वय वाढत गेलं तसा हा वाटा वाढत गेला. आपण 'गंगूबाईंचा चंद्रकंस' म्हणून ज्याला दाद देतो, त्यातला केवढा तरी भाग कृष्णाबाईंचा असतो.

१९५२च्या सप्टेंबरात सवाई गंधर्व पुण्यात वारले आणि १९५३पासून तिथेच त्यांच्या स्मृतीचा महोत्सव सुरू झाला. भीमसेनजी, गंगूबाई, फिरोज दस्तूर ही गुरुबंधू-भगिनींची तिकडी त्या मंडपाची कुलदैवतंच म्हणायची. महोत्सव रात्रभर चालायचा त्या काळात मी बाईंना ऐकलं. रमणबागेतली डिसेंबरची थंडी, अंगावर शाल, शेजारच्याने पुढे केलेला थर्मासमधला चहा. साडीतली ठेंगणी आजी येऊन बसायची, नमस्कार करायची, डावा हात कानाशी न्यायची आणि पहिला षड्ज लावायची. त्या देहातून तो आवाज येतो याचा अचंबा मला दर वेळी नव्याने वाटला. पण आज मला जास्त आठवतात त्या मागे बसलेल्या कृष्णाबाई. नजर आईच्या मानेकडे, खांद्यांकडे. मागून श्वास कळतो तो तिथूनच. टाळ्यांच्या वेळी त्या तानपुरा सावरत असत.

कुणी म्हणेल, यात त्याग कसला, आईची सेवा आहे, गुरुसेवा आहे. आपल्याकडे हा शब्द चटकन पुढे येतो आणि विषय बंद करतो. मला कृष्णाबाईंच्या मनात काय होतं ते ठाऊक नाही आणि त्यांच्या वतीने खंत करण्याचा अधिकारही माझा नाही. कदाचित दोन गळ्यांनी मिळून एक राग उभा करण्यात त्यांना पूर्ण सुख मिळत असेल. मैफलीत त्यांचा चेहरा तरी तसंच सांगायचा. पण कुणी काय दिलं, याची नोंद तरी व्हावी. तबकडीच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत एकच नाव असतं. पुरुष गायकांच्या घरात मुलगा मागे बसला की त्याला वारस म्हणतात, त्याची गादी ठरते, त्याच्या पहिल्या स्वतंत्र मैफलीची बातमी होते. मुलगी मागे बसली की ती साथीला होती, एवढंच म्हणून लोक पुढे जातात.

गंगूबाईंना सन्मान मिळत गेले. १९७१मध्ये पद्मभूषण, १९७३मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९९६मध्ये अकादमीची फेलोशिप, २००२मध्ये पद्मविभूषण. आंब्यांच्या बागेत जिला शिरू द्यायचं नव्हतं तिच्या नावाने कर्नाटक सरकारने म्हैसूरला संगीत आणि प्रयोगकलांचं विद्यापीठ काढलं. २०१४मध्ये टपाल खात्याने थोर संगीतकारांवर तिकिटं काढली, त्यांत भीमसेन जोशी आहेत, मल्लिकार्जुन मन्सूर आहेत, कुमार गंधर्व आहेत आणि गंगूबाई आहेत. एका धारवाड पट्ट्याशी नातं सांगणारे चार जण एका संचात. यावर वेगळा लेख होईल.

नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांना अस्थिमज्जेचा कर्करोग झाला. त्यातून त्या उठल्या. आणि २००४ साली कर्करोगानेच कृष्णाबाईंना नेलं. एक्क्याण्णव वर्षांच्या आईने मुलीला पोचवलं. तरुण वयात आई गेली, तिशीत आवाज गेला, मग गुरू, मग नवरा. या यादीत हे शेवटचं नाव बसवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. बाकीच्यांच्या माघारी बाई गायल्या तेव्हा मागे कृष्णाबाई होत्या. आता श्वास घ्यायला थांबलं तर मागून धागा उचलणारं कुणी नव्हतं. शिष्य होते, चांगले होते. पण पन्नास वर्षांची ती एकमेकींच्या श्वासाची ओळख दुसरीकडून येणार कुठून?

तरीही २००६च्या मार्चमध्ये, गायनकारकीर्दीला पंच्याहत्तर वर्षं झाल्याच्या निमित्ताने, त्या गायल्या. त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. ती त्यांची शेवटची जाहीर मैफल ठरली.

'गंगालहरी'त आता वाद्यांचं संग्रहालय आहे. तानपुरे, सारंग्या, किन्नरी, काचेमागे ओळीने मांडलेल्या. बाहेरच्या भिंतीशी हुबळीची रिक्षांची वर्दळ अखंड चालू असते, आणि पत्ता विचारायला थांबलात तर 'गंगूबाईंचं घर' एवढं म्हटलं की पुरे, नगर-गल्ली सांगावी लागत नाही. घर पाहायला येणारे मुख्यतः गाण्याचे विद्यार्थी. पाहावं आणि मग वेळ काढून पुढे कुंदगोळलाही जावं. संग्रहालयातला तानपुरा ज्या मातीतून आला ती माती पाहिल्याशिवाय परतू नये.

२१ जुलै २००९ रोजी हुबळीच्या रुग्णालयात गंगूबाई गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान झालं. दुसऱ्या दिवशी शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. ज्या गावच्या रस्त्यांवर त्यांच्या मागे शेरे उमटले होते, त्याच गावात रस्त्यांच्या दुतर्फा माणसं उभी होती.

आकाशवाणीकडे, खासगी संग्राहकांकडे त्यांची पुष्कळ मुद्रणं आहेत आणि आता ती मोबाइलवरही सहज ऐकता येतात. ऐकणाऱ्यांना एकच विनंती आहे. पुढच्या वेळी त्यांचा मारवा, पूरिया किंवा चंद्रकंस लावाल तेव्हा पहिल्यांदा नेहमीसारखा ऐका. मग पुन्हा लावा आणि या खेपेला फक्त मागचा आवाज ऐका: तो कुठे येतो, कुठला स्वर उचलतो, कुठे बाजूला होतो. आणि मुद्रणं नव्याने प्रसिद्ध करणाऱ्यांनी वेष्टनावर दोन नावं छापावीत, गंगूबाई हनगल आणि कृष्णा हनगल, सारख्या आकाराच्या अक्षरांत.